पुरस्काराच्या अर्जाला क्यू शीट जोडा: युरोपातल्या चित्रपट-संगीताच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
युरोपियन फिल्म अकादमी, बर्लिन
वर्ल्ड साउंडट्रॅक अकादमी, गेंट
आणि चित्रपट-मालिकांच्या संगीतासाठी युरोपात पुरस्कार देणाऱ्या इतर सर्व संस्था व परीक्षक

विषय: प्रत्येक प्रवेशिकेसोबत पूर्ण क्यू शीट मागवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगतो. संगीताच्या पुरस्कारासाठी चित्रपट किंवा मालिका आपल्याकडे आली की तिची पूर्ण क्यू शीट, म्हणजे संगीताचा कोणता तुकडा कधी आणि किती वेळ वाजतो, तो कोणाचा, याची यादी मागवा, आणि परीक्षकांनी ती चित्रपट बघताना हातात धरावी, अशी व्यवस्था करा. अंतिम फेरीतल्या पाच-सहा नावांपुरती केली तरी चालेल. संगीतकाराचं काम नेमकं कोणतं, हे सांगणारा दुसरा कागद या धंद्यात नाही.

पार्श्वसंगीताचं काम जवळून जाणणारी आम्ही मराठी मंडळी आहोत. पत्र मराठीत आहे, कारण हाच प्रश्न पुण्या-मुंबईत काम करणाऱ्यांचाही आहे आणि त्यांनीही तो वाचावा, असं आम्हाला वाटतं.

चित्रपटासाठी नामवंत संगीतकाराने खास संगीत लिहिलं त्याला शंभरावर वर्षं झाली. १९०८ साली पॅरिसमध्ये कामीय सँ-साँस यांनी ड्यूक ऑफ गीझच्या हत्येवरच्या मूकपटासाठी तंतुवाद्यं, पियानो आणि हार्मोनियम यांची रचना केली. (आपल्या पेटीचा हा पूर्वज. त्याचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्येच घेतलं गेलं होतं.) ती रचना प्रस्तावना आणि पाच दृश्यं अशी बांधलेली आहे. कोणता तुकडा कोणत्या दृश्यासाठी, हे स्वरलिपीतच लिहिलेलं. त्यामुळे त्या संगीताचा कस लावायला आजही अडचण येत नाही. पुढे बोलपट आला, चित्रपटात गाणी, तबकड्या, रेडिओ, जुन्या सिंफनी हे सगळं एकाच ध्वनिपट्टीवर आलं, आणि नुसत्या कानाने 'हे कोणाचं' हे ठरवणं अवघड होऊन बसलं.

किती अवघड, ते बघा. १९७३ साली नीनो रोता यांना 'द गॉडफादर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ते मागे घेतलं गेलं. त्यातली प्रेमाची धून त्यांनी स्वतःच १९५८च्या 'फोर्तुनेल्ला' या इटालियन चित्रपटात वेगळ्या ढंगात वापरली होती. नामांकन देणाऱ्यांना ते मत देताना ठाऊक नव्हतं.

२०११ साली युरोपियन फिल्म अकादमीचा संगीतकाराचा पुरस्कार 'द आर्टिस्ट'साठी ल्युदोविक बूर्स यांना मिळाला. काम सुंदर आहे, पुरस्काराबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या चित्रपटाच्या कळसाच्या प्रसंगात जे वाजतं, ते बर्नार्ड हर्मन यांनी १९५८च्या 'व्हर्टिगो'साठी लिहिलेलं संगीत आहे. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे, लपवाछपवी कसलीच नाही. मात्र श्रेयनामावली शेवटी येते, झरझर वर सरकते, आणि कोणता तुकडा कुठे वाजला हे ती सांगत नाही. ज्या प्रेक्षकाने 'व्हर्टिगो' पाहिलेला नाही, त्याच्या लेखी ती सगळी मिनिटं बूर्स यांची.

याच्या उलट घडलं ते २०१६ साली, योहान योहान्सन यांच्या 'अरायव्हल'च्या बाबतीत. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिख्टर यांची 'ऑन द नेचर ऑफ डेलाइट' ही २००४ सालची रचना वाजते. मत देणाऱ्यांना दोघांचं काम वेगळं करता येणार नाही, या कारणाने ऑस्करने योहान्सन यांचं संगीत अपात्र ठरवलं. त्याच संगीताला बाफ्टा आणि गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. हे दोघेही युरोपातले, आणि दोघांचीही कामं आपापल्या जागी उत्तम. अन्याय झाला तो योहान्सन यांच्यावर, कारण त्यांची मधली सगळी मिनिटं कोणी मोजून समोर ठेवली नाहीत. प्रत्येक परीक्षकाच्या हातात दोन पानांचा कागद असता, तर 'वेगळं करता येणार नाही' असं कोणी म्हटलं नसतं.

आता तो कागद प्रत्यक्ष कसा असतो ते बघू. क्यू शीटमधली एक ओळ साधारण अशी असते:

४ एम २ । पुलावर । सुरुवात ०१:१२:०४:१० । लांबी २:१७ । पार्श्व । खास लिहिलेलं । संगीतकार १०० टक्के

'४ एम २' म्हणजे चौथ्या रिळातला संगीताचा दुसरा तुकडा. रिळं गेली, पण वीसेक मिनिटांच्या भागांची ही मोजणी टिकून आहे. 'पुलावर' हे त्या तुकड्याचं काम चालू असतानाचं नाव. सुरुवातीच्या आकड्यांत तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटचे दोन फ्रेमचे. 'पार्श्व' म्हणजे पात्रांना ऐकू न येणारं. पात्रांना ऐकू येत असेल, खोलीतला रेडिओ किंवा लग्नातला बँड, तर तिथे तसं लिहितात. मग उगम: खास या चित्रपटासाठी लिहिलेलं, आधीच प्रसिद्ध झालेलं, की तयार संगीताच्या लायब्ररीतून घेतलेलं. शेवटी हक्कदारांची नावं, त्यांचे टक्के आणि आयपीआय क्रमांक. आयपीआय हा रचनाकाराचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होत नाही.

युरोपातल्या संगीतकाराचं पोट या कागदावर चालतं. फ्रान्समध्ये सासेम, जर्मनीत गेमा, ब्रिटनमध्ये पीआरएस, इटलीत सिआए या संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था याच ओळींवरून स्वामित्वधन वाटतात, आणि युरोपातल्या बहुतेक देशांत सिनेमागृहातल्या खेळांचंही वाटतात. अमेरिकेतली सिनेमागृहं ते देत नाहीत. म्हणजे आपण मागाल तो कागद निर्मात्याकडे बहुतेक तयारच असतो. नव्याने काही करायला लावत नाही आहोत.

तयार असला तरी तो बरोबर असेलच असं नाही, हेही सांगायला हवं. नेहमीची चूक म्हणजे शीट शेवटच्या मिक्सिंगच्या (संवाद, आवाज आणि संगीत एकत्र बसवण्याच्या) आधीच्या कटवरून बनवलेली असते. मिक्सिंगच्या टेबलावर दिग्दर्शक म्हणतो, 'इथे नुसता वारा ठेवू', आणि चार मिनिटांचा तुकडा उडतो. शीटमध्ये तो तसाच राहतो. दुसरी चूक नावाची. जर्मन-फ्रेंच-बेल्जियन सहनिर्मितीचा चित्रपट तीन देशांत तीन नावांनी लागतो, शीटवर मात्र पटकथेचं पहिलं, पुढे बदललेलं नाव असतं. मग कोणत्याच संस्थेकडे जुळणी होत नाही. आयसान किंवा आयडर हा चित्रपटाचा क्रमांक वर लिहिला की हा गोंधळ मिटतो. तिसरी चूक अधिक अवघड. संगीतकाराने एक धून लिहिली आणि संगीत-संपादकाने तिचे पदर सुटे करून, म्हणजे नुसती तंतुवाद्यं, नुसता ताल, नुसता खर्ज असे घेऊन, आणखी सहा जागी बसवले. शीटवर सात तुकडे दिसतात, लिहिलेला एकच असतो. तो गुन्हा मुळीच नाही, अनेकदा तेच योग्य असतं. पण परीक्षकाला ते दिसायला हवं. म्हणून पुनर्वापर झालेल्या ओळीसमोर मूळ तुकड्याचा क्रमांक लिहायला सांगा.

शीट अंतिम प्रतीवरूनच केली आहे, असं संगीतकार आणि संगीत-संपादक या दोघांनी सही करून लिहून द्यावं. तपासायला सोपी युक्ती आहे: शीटवरच्या कोणत्याही तीन ओळी घ्या, चित्रपट त्या वेळेवर नेऊन लावा. तिन्ही एक-दोन सेकंदांत जुळल्या तर शीट विश्वासाची. सगळ्याच सारख्या अंतराने चुकत असतील तर सुरुवातीची वेळ वेगळी धरली आहे, शून्यावरून नाही तर एक तासावरून किंवा दहा तासांवरून. आणि चुकीचं अंतर चित्रपटासोबत वाढत जात असेल, तर प्रतीची गतीच वेगळी आहे.

या गतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे निकालच बदलू शकतो. सिनेमागृहासाठी चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने बनतो. युरोपातली दूरचित्रवाणी २५ फ्रेमची. वाहिनीसाठी प्रत करताना तोच चित्रपट सरळ २५ने पळवायची पद्धत जुनी आहे. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. ध्वनीचा सूर वेगळा खाली आणला नाही, तर सगळं संगीत सुमारे ७० सेंटने चढतं (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग). आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ पाऊण पट्टी. पांढरी एकचा षड्ज काळी एकच्या दाराशी जाऊन उभा राहतो. चेलोचा खर्ज हलका वाटतो, संथ लय किंचित घाईची होते, माणसाचा आवाज पातळ लागतो. परीक्षकाला पाठवलेली ऑनलाइन प्रत वाहिनीच्या प्रतीवरून केली असेल, तर तो संगीतकाराने न लिहिलेलं संगीत ऐकतो आहे. दुसऱ्या परीक्षकाने तोच चित्रपट महोत्सवात पाहिलेला असतो. दोघं एकाच कामावर वाद घालतात आणि दोघांनी ऐकलेलं वेगळं असतं. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक प्रतीवर फ्रेमगती लिहा, आणि २४वर बनलेला चित्रपट २४वरच दाखवा.

लॅपटॉपचाही तोच घोळ. पाच-बिंदू-एक ध्वनी (समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी वेगळा एक) दोन स्पीकरवर आणला की मागच्या बाजूचे दोन आवाज साधारण तीन डेसिबलने खाली घेऊन मिसळले जातात, आणि खर्जाचा वेगळा पदर बहुधा गाळलाच जातो. ज्या संगीतकाराने संगीत मुद्दाम प्रेक्षकाच्या मागे पसरलं, ज्याने एका दृश्याचा सगळा भार खर्जावर ठेवला, त्याचं काम इथे निम्मं होतं. पडद्यामागून सरळ समोर येणारी ठळक धून मात्र शाबूत राहते. म्हणजे ऐकण्याची जागाच ठळक धून लिहिणाऱ्याच्या बाजूने कौल देते. अंतिम फेरीचे चित्रपट तरी नीट जुळवलेल्या सभागृहात ऐकावेत. गेंटमध्ये ते सहज शक्य आहे, तिथे महोत्सवाच्या निमित्ताने सगळे जमलेलेच असतात.

आणि निकालासाठी अल्बम ऐकू नये. अल्बममध्ये छोटे तुकडे जोडून लांब केलेले असतात, क्रम बदललेला असतो, आवाज वर काढलेला असतो, संवादांखाली दबलेलं सगळं उघडं होतं. तो चांगला असणं हे वेगळं कौशल्य आहे. आपल्या पुरस्काराच्या नावात 'चित्रपट' आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. वाद्यवृंद मोठा म्हणून पुरस्कार, असं युरोपियन फिल्म अकादमीने केलेलं नाही. २०१४ साली 'अंडर द स्किन'साठी मिका लेव्ही, २०२१ साली 'ग्रेट फ्रीडम'साठी नील्स पेटर मोल्व्हेर आणि पेटर ब्रोट्झमान, २०२४ साली 'द गर्ल विथ द नीडल'साठी फ्रेडरिके हॉफमायर. यातलं एकही काम ऐंशी वादकांच्या थाटाचं नाही. पहिल्या वर्षीचा, १९८८चा पुरस्कारही युरी खानोन यांच्यासारख्या वेगळ्या वाटेच्या संगीतकाराला गेला होता. मध्ये कित्येक वर्षं हा पुरस्कार दिलाच गेला नाही, तो २००४पासून पुन्हा नियमित सुरू झाला, याचाही आम्हाला आनंद आहे. पण अशाच कामांना क्यू शीटची जास्त गरज असते. घरघर, घर्षण, गुरगुर ऐकू आली की ती संगीतकाराची की ध्वनिरचनाकाराची, हे कान सांगत नाही. शीटवर ओळ असेल तर ते संगीत. नसेल तर ते ध्वनिविभागाचं काम, आणि त्याचा मान त्यांना मिळावा.

नावांचा प्रश्नही इथेच सुटतो. २००८ साली 'द डार्क नाइट'च्या शीटवर हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्यासोबत आणखी तीन नावं होती: संगीत-संपादक, ध्वनिपोत करणारा आणि एक सहसंगीतकार. ऑस्करने ते संगीत आधी अपात्र ठरवलं, मग निर्णय फिरवला. लोकांनी त्यातून उलटाच धडा घेतला, की शीटवर नावं कमी ठेवलेली बरी. मदतनीसांची नावं अदृश्य राहतात ती या भीतीपोटी. आपला नियम असा असावा की जास्त नावं असल्याने कोणी बाद होत नाही. खास लिहिलेल्या मिनिटांपैकी ३० टक्क्यांहून अधिक ज्याच्या नावावर आहेत, त्याला मूर्ती. बाकीच्यांची नावं मंचावर वाचली जावीत आणि प्रमाणपत्र मिळावं. ३० हा आकडा आमचा आहे, तो आपण बदला. खरी नावं लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, एवढं मात्र नियमात हवं.

आकड्यांवरून आठवलं. कृपा करून 'इतके टक्के संगीत नवं हवं' अशी अट घालू नका. ऑस्करने आधी ६० टक्के म्हटलं आणि पुढच्याच वर्षी ते ३५वर आणलं. टक्केवारी जागा सांगत नाही. शंभर मिनिटांच्या चित्रपटात पन्नास मिनिटं संगीत, त्यातली पंधरा जुन्या रचनांची, असं समजा. ती पंधरा मिनिटं उपाहारगृहातल्या रेडिओवर गेली असतील तर संगीतकाराच्या कामाला धक्का नाही. तीच पहिल्या आणि शेवटच्या प्रसंगात असतील तर चित्रपटाचा भाव दुसऱ्याच कोणी तोलून धरला आहे. दोन्हीकडे आकडा ७० टक्के नवं. फरक फक्त सुरुवातीच्या वेळेच्या रकान्यात दिसतो, आणि तो परीक्षकाने वाचून तोलायचा असतो.

मालिकांसाठी वेगळा विभाग हवाच. गेंटने तो २०१७पासून केला, बाकीच्यांनीही करावा. आठ भाग, प्रत्येकी पन्नास मिनिटं, भागामागे पंचवीस मिनिटं संगीत धरलं तर दोनशे मिनिटं होतात. चित्रपटाच्या चाळीस-पन्नास मिनिटांशी ती तोलताच येत नाहीत. शिवाय शीर्षकधून एकाची, भाग दुसऱ्याचे, तिसऱ्या भागापासून पहिल्या भागाचेच पदर फिरवलेले, हे मालिकांत सर्रास चालतं. इथे भागागणिक शीट मागवा, त्यांची बेरीज करा आणि पुनर्वापर एकदाच मोजा. ऐकायला पहिला भाग, शेवटचा भाग आणि संगीतकाराने निवडलेला मधला एक. शेवटचा भाग सक्तीचा ठेवा. पैसा आणि वेळ पहिल्या भागावर ओतून पुढे ओढाताण झाली का, हे तिथेच कळतं.

भारतातला एक दाखला इथे उपयोगी पडेल. आमच्याकडे चित्रपटसंगीत म्हटलं की गाणी, आणि पार्श्वसंगीत करणारा कायम त्यांच्या आडोशाला. २००९च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांचे दोन वेगळे पुरस्कार दिले गेले, तेव्हा पार्श्वसंगीताचा इलैयाराजा यांना मिळाला. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने संगीतकाराला स्वामित्वधनातला समान वाटा मिळाला. त्यातून सिनेमागृहातलं प्रदर्शन वगळलं आहे, ही आमची खंत. युरोपात २०१९च्या कॉपीराइट निर्देशाने १८व्या कलमात योग्य आणि प्रमाणशीर मोबदल्याचं तत्त्व घातलं, १९व्या कलमात हिशोबाच्या पारदर्शकतेचं. तरीही एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेण्याचे करार होतातच, आणि अशा करारांत शीट नीट भरण्याची निकड कोणालाच उरत नाही. पुरस्काराच्या अर्जासाठी ती लागणार असेल तर निर्मिती कार्यालयातला माणूस ती वेळेत आणि नीट भरेल. संगीतकाराने मागून जे होत नाही, ते पुरस्काराच्या तारखेने होतं.

छोट्या देशांतल्या, छोट्या पैशांच्या चित्रपटांना हे जड जाईल अशी शंका काढली जाईल. नव्वद मिनिटांच्या चित्रपटाची शीट म्हणजे तीस-चाळीस ओळी, संगीत-संपादकाचा एक दिवस. ज्या चित्रपटाला संगीत-संपादकच नाही, तिथे संगीतकार स्वतः आपल्या संगणकावरच्या प्रकल्पातून तुकड्यांच्या वेळा काढू शकतो. रिकामा नमुना आपल्या संकेतस्थळावर ठेवा, त्यात वर सांगितलेले सात रकाने आणि पुनर्वापराचा आठवा. भाषा कोणतीही चालेल. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

पहिल्या वर्षी एवढं करून बघावं, ही विनंती. नामांकनं ठरली की त्या चित्रपटांच्या निर्मात्यांना तीन आठवड्यांची मुदत द्या. परीक्षकांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येक शीटच्या छापील प्रती टेबलावर ठेवा, सोबत पेन्सिल. सभागृहातले दिवे पूर्ण मालवू नका, ओळ वाचता येईल इतका उजेड राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पार्श्वसंगीताच्या कामातली काही मराठी मंडळी